ठकीच्या मानेचा सांधा

एकदा एक बाहुली दोनदा तुटली, त्याची ही गोष्ट. पहिल्यांदा ती रागामुळे तुटली. दुसऱ्यांदा ती कशामुळे तुटली, हे कळायला एका शहाण्या बाईला अख्खा दिवस लागला, आणि त्या दिवशी तिला जे धक्के बसले ते ती जन्मभर विसरली नाही.

घाटाखालच्या एका बाजारपेठेच्या गावात चितारी घराण्याचं दुकान होतं. खेळणी विकण्याचं नव्हे, दुरुस्त करण्याचं. आता तुम्ही म्हणाल, खेळणी कोण दुरुस्त करून घेतं? मोडलं की फेकावं आणि नवं आणावं. असं म्हणणारे त्या गावातही पुष्कळ होते, आणि तेच लोक लाकडी घोड्याचा पाय मोडला की तो पिशवीत घालून, कुणी पाहत नाही ना असं बघत, चितारींच्या पायरीशी येऊन उभे राहत. चार पिढ्या हे चाललं होतं. बैलगाडीचं चाक, बाहुलीचा हात, पोपटाची चोच, काही ना काही रोज येई आणि जोडून परत जाई.

दुकान आता आप्पा चितारी चालवत. वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोलणं मोजकं. त्यांच्या मुलाला या कामात रस नव्हता. तो तालुक्याला पोस्टात चिकटला. कामाची गोडी लागली ती सुनेला, शालनला. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं सासऱ्यांच्या शेजारी बैठक मारली, आणि सहा वर्षांत पटाशी, कानस, रंगाची कुंचली असं सगळं हाताखाली घेतलं. घरात ती सून होती, दुकानात शिष्या. आप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं, "यंदाच्या दसऱ्याला कामाच्या पाटावर तू बसायचं, मी बाजूला." तो शिसवी पाट म्हणजे त्या घराण्याची गादी. हे ऐकल्यापासून शालनच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपल्या हातून असं काम व्हावं की आप्पांनी बघतच राहावं, एवढीच तिची इच्छा.

त्या दुकानाच्या दोन रीती होत्या. पहिली अशी की, वस्तू हातात घेतली की आधी विचारायचं, "कशी तुटली?" कारण कळल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. दुसरी रीत जरा विचित्र होती. दुकानात सगळीकडे फरशी बसवलेली, पण दाराशी हातभर जागा मुद्दाम मातीची ठेवून शेणानं सारवलेली होती. दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू आप्पा मालकाच्या देखत तिथं नेत, लहान मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर धरत आणि सोडून देत. हो, सरळ पाडत. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव खालीवर होई.

शालनला ही रीत कधीच पटली नव्हती. त्यातून जे व्हायचं ते तर मुळीच पटत नव्हतं. पाडल्यावर कधी वस्तू शाबूत राही, पण कधी कधी आप्पांनी जोडलेला पाय तिथल्या तिथे अलग होऊन पडे. गिऱ्हाईक हसे. शालनला मेल्याहून मेल्यासारखं होई. आप्पा मात्र तो सुटलेला पाय उचलून नीट बघत आणि म्हणत, "छान." मग सरसाचं भांडं पुढ्यात ओढून पुन्हा जोडायला बसत. सरस म्हणजे सुतारांचा जुना डिंक, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. तो पाण्यात भिजवायचा, मंद आचेवर वितळवायचा, त्याचा वास सोसायचा, आणि एवढं करून ओल लागली की तो सुटणार. बाजारात इतके चांगले डिंक मिळत असताना आप्पा त्यालाच का धरून बसलेत, हे शालनला उमगत नव्हतं. वय झालं, दुसरं काय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तोंडानं बोलली नाही, एवढाच तिचा विनय.

तर अशा या दुकानात एका सकाळी नार्वेकर शेठ आले. काजूचे मोठे व्यापारी. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्यांच्या रागाला त्याहून जास्त. आप्पा त्या आठवड्यात तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून शालन एकटीच होती. शेठनी जरीच्या फडक्यातून एक ठकी काढली. ठकी म्हणजे आपली जुनी लाकडी बाहुली, रंगवलेली, नाकात चमकी काढलेली. हिचं डोकं मानेतून निखळून वेगळं झालं होतं.

"कशी तुटली?" शालननं रीतीप्रमाणे विचारलं.

"कपाटावरून पडली," शेठ म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या बायकोची आहे. ती गेली. आता मुलीकडे न्यायची आहे, पुढच्या सोमवारी. असं जोडा की सांधा दिसता कामा नये. आणि जन्मात परत तुटता कामा नये."

गावाला ठाऊक होतं ते शालनलाही ठाऊक होतं. शेठची एकुलती एक मुलगी, सुलभा, बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. त्यानंतर येणं-जाणं नाही, चिठ्ठी-चपाटी नाही. शेठनी त्या दिवशी एवढंच सांगितलं की, महिन्यापूर्वी मुलीचं पत्र आलं आहे. त्यात दोनच ओळी आहेत. 'तुमची नात चार वर्षांची झाली. यायचं असेल तर आईची ठकी घेऊन या.' बाकी काही नाही. हे सांगताना शेठ रस्त्याकडे बघत होते.

म्हणजे ही ठकी नसेल तर बापाला मुलीच्या दारात पाऊल टाकता येणार नव्हतं. शालनला कामाचं मोल कळलं. तिनं ठरवलं, इथं सरसाचा धोका पत्करायचा नाही. तालुक्याहून तिनं दोन नळ्यांचा डिंक आणवला. दोन्ही नळ्यांतला चिकट रस एकत्र करायचा आणि लावायचा. एकदा वाळला की दगड. मानेतली लाकडी खुंटी तिनं त्यात बुडवून बसवली, वरून कानस फिरवली, रंग लावला. सांधा कुठे आहे हे तिचं तिलाच शोधावं लागलं. आता पाडा म्हणावं खुशाल, असं तिला झालं.

रविवारी सकाळी शेठ ठकी न्यायला आले. आप्पांचा ताप उतरला होता. ते काठी टेकत येऊन पाटावर बसले होते. त्यांनी ठकी हातात घेतली, चांगल्या डोळ्यापाशी नेली, मानेवरून अंगठा फिरवला.

"सुरेख बसलाय सांधा," ते म्हणाले.

शालनला आभाळ ठेंगणं झालं. आप्पा उठले, दाराशी गेले, ठकी मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर धरली.

"अहो, हे काय करताय?" शेठ पुढे सरसावले.

"दुकानाची रीत आहे शेठ," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ती सोडली.

आवाज फार मोठा झाला नाही. सुक्या शेंगेचा व्हावा तेवढाच. ठकी पडली, एकदा उलटली आणि स्थिर झाली. मान शाबूत होती. सांधा जागचा हलला नव्हता. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत तो चेहरा उभा फाटला होता. एक गाल धडाला धरून राहिला होता, दुसरा हातभर अंतरावर पालथा पडला होता.

शालनला पहिल्यांदा कळलंच नाही की आपण काय पाहतो आहोत. तिची नजर मानेवरच खिळली होती. मान तर धड आहे, मग हे काय पडलंय, असं तिच्या मनात आलं. मग कळलं. तिनं भिंत धरली. शेठ वाकले होते, पण ठकीला हात लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं. आणि आप्पा, ज्यांनी साठ वर्षं खेळणी पाडली होती, ते स्वतः तोंड उघडं ठेवून तसेच उभे होते. आप्पांना असं गोंधळलेलं शालननं कधी पाहिलं नव्हतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शेवटी आप्पांनी वाकून दोन्ही तुकडे उचलले. मानेपाशी नखानं खरवडलं. नखाला काचेसारखा कडक थर लागला. त्यांनी शालनकडे एकदाच पाहिलं, आणि त्या एका नजरेत तिला कळलं की त्यांना सगळं समजलं आहे. आता हे शेठसमोर सांगणार. आता पाट गेला, दसरा गेला, सहा वर्षं मातीत गेली. ती मान खाली घालून वाट बघू लागली.

"शेठ," आप्पा म्हणाले, "चूक माझी आहे."

शालननं चमकून वर पाहिलं. ऐंशी वर्षांच्या त्या माणसानं दोन्ही हात जोडले होते.

"दुकान माझं, सांधा माझा. द्यायच्या आधी मी नीट तपासायला हवं होतं. काय बोलायचं ते मला बोला."

शेठ बोलले, आणि काही बाकी ठेवलं नाही. म्हातारचळ म्हणाले, दुकानाला कुलूप घाला म्हणाले, चार पिढ्यांची नावं घेऊन नको ते बोलले. रस्त्यावर माणसं थांबली. आप्पांचे हात जोडलेलेच राहिले. शेवटी शेठचा आवाज फाटला. "सोमवारची सातची गाडी आहे माझी," एवढंच ते म्हणाले आणि तुकडे तिथंच टाकून निघून गेले.

खरं तर शालननं त्याच क्षणी पुढे होऊन सांगायला हवं होतं. पण ती नाही बोलली. आपल्यातले किती जण बोलले असते, हे ज्याचं त्यानं पाहावं.

दुपार झाली. आप्पांनी सरस भिजत घातला, तुकडे फडक्यावर मांडले आणि बारीक करवत शालनच्या हाती दिली. मानेतली ती दगड झालेली खुंटी कापून काढायची होती. कापता कापता तिला रडू कोसळलं.

"तुम्ही का हात जोडलेत? मी केलं होतं. तुम्हाला कळलं होतं मी केलंय."

"कळलं होतं."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

आप्पांनी चेहऱ्याचा सुटलेला तुकडा उन्हात धरला. "हे बघ, इथं आत जुनी बारीक चीर आहे. रंगाखाली दिसत नव्हती. म्हणजे लाकूड आधीच दुखावलेलं होतं. मी पाडली तेव्हा धक्का मानेवर आला. मान सुटली असती तर तो तिथंच जिरला असता. तू मान सुटायला जागाच ठेवली नाहीस. मग तो धक्का चेहऱ्यात शिरला."

"पण सांधा पक्का नको का?"

"सांधा आपला आहे, शालन. आजचा, दोन दिवसांचा. चेहरा तिचा आहे. धक्के तर बसणारच, खेळणं आहे ते. मग काय सुटावं, हे जोडणाऱ्यानं आधी ठरवायचं असतं. आपला सांधा लाकडापेक्षा थोडा कच्चा ठेवायचा. म्हणजे वेळ आली की तो सुटतो आणि ठकी वाचते. सांधा पुन्हा लावता येतो, पाहिजे तितक्यांदा. चेहरा पुन्हा आणता येत नाही."

शालनच्या हातातली करवत थांबली. सुटलेले घोड्याचे पाय, निखळलेली चाकं, गिऱ्हाइकांचं हसणं आणि आप्पांचं ते 'छान', सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून आपण उलटंच वाचत होतो, हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे तुम्ही पाडता, ते सांधा किती घट्ट आहे हे बघायला नाही."

"आधी तो सुटतो ना, हे बघायला."

"मग हे मला सहा वर्षांत एकदाही का नाही सांगितलंत?"

आप्पांनी तुकडा फडक्यावर ठेवला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघून शिकलो. वाटलं, तुलाही दिसेल. आणि आज सांधा सुरेख म्हणालो, तो कशानं लावलास हे विचारलं नाही. म्हणून शेठना जे म्हणालो ते खोटं नव्हतं. आणि सकाळी इथं धक्का बसलाच होता, गं. कुणीतरी सुटायला हवं होतं. तू कोवळी आहेस, चारचौघांत तुटली असतीस तर या पाटावर परत बसली नसतीस. मी जुना सरस. मला काय होतंय?"

हे म्हणून ते सरस ढवळू लागले. शालननं खुंटी पूर्ण कापून काढली, नवी तासून ठेवली. चेहऱ्याचे दोन भाग सरसानं जोडून दोरीनं आवळले. मग तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि चपला घातल्या. कुठे चाललीस, असं आप्पांनी विचारलं नाही.

शेठ त्यांच्या वखारीत पोत्यांच्या थप्पीला टेकून एकटेच बसले होते. हमालांना त्यांनी दुपारीच घरी पाठवलं होतं. शालनला पाहून ते म्हणाले, "आता काय राहिलंय?"

तिनं एका दमात सांगून टाकलं. "सांधा मी लावला होता शेठ. आप्पांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही जन्मात तुटता कामा नये म्हणालात, म्हणून मी बाजारातला डिंक वापरला. आमच्या रीतीत तो बसत नाही. सकाळी हात मी जोडायला हवे होते. मी गप्प बसले. जे आप्पांना बोललात ते मला बोला."

शेठ उसळतील, गावभर करतील, या तयारीनं ती गेली होती. शेठनी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू विचारलंस, कशी तुटली म्हणून," ते म्हणाले. "मी कपाटावरून पडली म्हणालो. पडली नाही ती."

शालननं मान वर केली.

"मी आपटली. भिंतीवर. सुलू निघाली तेव्हा काही मागितलं नाही तिनं. दागिना नाही, कपडा नाही. आईची ठकी तेवढी द्या म्हणाली. मी ती उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत भिंतीवर आपटली. डोकं घरंगळत तिच्या पायाशी गेलं. तिनं ते उचललं नाही. ओलांडून गेली."

सकाळपासून तिला बरेच धक्के बसले होते, पण हा त्या सगळ्यांवरचा होता. रंगाखालची ती बारीक चीर कुठून आली हे आता तिला कळलं. आणि आप्पांनी ती उन्हात धरून पाहिली, तेव्हा त्यांना ते आधीच कळलं असणार, हेही कळलं.

"म्हणून सांधा दिसता कामा नये म्हणालात," ती हळूच म्हणाली.

"दिसला नसता तर बोलावं लागलं नसतं," शेठ म्हणाले. "गुपचूप तिच्या हातात दिली असती. झालं गेलं मिटलं म्हणालो असतो. गेला महिनाभर मी हाच हिशेब करतोय, काय केलं म्हणजे काही बोलावं लागणार नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून वाहू दिलं. "तू पोरीच्या वयाची. तू चालत येऊन बोललीस. मला सहा वर्षं जमलं नाही."

सोमवारी सकाळी साडेसहाला शेठ हातात लहानशी पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीशी हजर होते. त्यांनी आधी वाकून आप्पांच्या पायांना हात लावला. आप्पांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. कालच्या बोलण्याचा विषय कुणी काढला नाही.

ठकी फडक्यावर तयार होती. मान नव्या खुंटीवर जरा पातळ सरसानं बसवली होती. चेहरा जुळून आला होता, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ स्पष्ट दिसत होती.

"रेघेवर रंग लावू का?" शालननं विचारलं. रात्रभर ती याचाच विचार करत होती.

"नको," शेठ म्हणाले. मग आप्पांकडे वळून म्हणाले, "आज मी पाडू का?"

आप्पांनी ठकी त्यांच्या हातात दिली. शेठ दाराशी गेले, सारवलेल्या जागेवर उभे राहिले. एके काळी ज्या हातांनी त्यांनी ती भिंतीवर आपटली होती, त्या हातांना आता ती दोन फुटांवरून सोडवत नव्हती. चेहरा पुन्हा फाटला तर आता उरणार काय होतं?

शेठनी डोळे मिटले आणि सोडली.

ठकी पडली. मानेपाशी सांधा अलगद सुटला आणि डोकं घरंगळत शेठच्या पायाशी जाऊन थांबलं. शालननं धावत जाऊन ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं. रेघ होती तशीच होती. चेहऱ्यावर दुसरा ओरखडा नव्हता.

"छान," शालन म्हणाली.

हा शब्द आपल्या तोंडून निघाला हे तिला नंतर उमगलं. आप्पा सरसाच्या भांड्याकडे हात नेत होते, तो त्यांनी मागे घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. गाडीला अजून वीस मिनिटं होती. शालन पाटाशी बसली आणि भांडं जवळ ओढणार तोच शेठ म्हणाले, "राहू दे."

"अहो, दहा मिनिटांचं काम आहे शेठ."

"राहू दे. अशीच नेतो. मी जशी केली होती तशी. तिच्यासमोर ठेवीन, आपटली म्हणून सांगेन. मग तिला वाटलं तर दोघं मिळून जोडू." त्यांनी खिशातून रुमाल काढून त्यात डोकं बांधलं आणि धड फडक्यात वेगळं बांधलं. "तो तुमचा डिंक थोडा द्या."

शालननं भांड्यावरचा हात काढला. ज्या ठकीचा सांधा कुणाला दिसू नये म्हणून या माणसानं जिवाचा आटापिटा केला, तीच तो आता दोन तुकडे करून मुलीच्या दारात घेऊन चालला होता. आप्पांनी मात्र लगेच सरसाचे चार खडे कागदाच्या पुडीत बांधले. "रात्री पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर ठेवा. उकळू देऊ नका. वास येईल, तो सोसा," ते म्हणाले. शेठनी पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि ते गाडीच्या दिशेनं निघाले.

दसऱ्याला आप्पांनी कामाचा पाट स्वतः पुसला आणि शालनला त्यावर बसवलं. त्या दोन नळ्या तिनं फेकल्या नव्हत्या. पाटाशेजारच्या फळीवर, रोज नजर जाईल अशा जागी ठेवल्या होत्या.

दिवाळीनंतर एका दुपारी दुकानाच्या पायरीवर एक बाई आली. बरोबर चार वर्षांची मुलगी होती आणि तिच्या कडेवर ती ठकी. चेहऱ्यावरची रेघ तशीच होती. मान मात्र डावीकडे चांगलीच कलली होती. सरस ओघळून गळ्यापाशी वाळला होता. इतकं कच्चं काम शालननं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिचे हात शिवशिवले.

"मान सरळ करून द्यायची का?" तिनं बाईला विचारलं.

"नको," सुलभा म्हणाली. "ही फक्त दाखवायला आणली. पोरीच्या हातून आतापर्यंत तीनदा पडली. तिन्ही वेळा मानच सुटली. बाबा आहेत ना आमच्याकडे, ते लावून देतात."

आत बसलेल्या आप्पांना ते ऐकू गेलं. शालननं त्या वाकड्या मानेवरून एकदा अंगठा फिरवला आणि ठकी मुलीच्या हातात परत दिली.

तुमच्या घरात धक्का बसेल तेव्हा आधी सुटायला कोण तयार आहे, एवढं आज जाऊन पाहा. आणि कुणीच दिसलं नाही, तर ती जागा आपली समजा.